तिसऱ्या वस्तीचा गठ्ठा

१

माझ्या सुनेने साठ माणसांची उत्तरं घरी बसून मनाने लिहून काढली, असं मला एका सकाळी विद्यापीठातल्या बंद खोलीत सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांनी आधी बसायला खुर्ची दिली होती, म्हणून मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एरवी माझ्या घरच्या माणसाला खोटं म्हणणाऱ्याचं वाक्य मी पुरं होऊ देत नाही.

बोलावणं खरं तर सुनेला होतं. पण विद्यापीठातला जिना उतरताना तिचा पाय मोडला, त्याला तीन आठवडे झाले होते आणि प्लास्टर निघायचं होतं. मुलगा नोकरीच्या गावी. राहिले मी. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पण या कामात मी पहिल्या दिवसापासून होते. सून राज्यशास्त्रात पीएच.डी. करते. माणूस मत देतो ते स्वतःच्या मनाने की घरातल्या कुणाच्या सांगण्यावरून, हा तिचा विषय. तीन वस्त्या, प्रत्येक वस्तीत साठ घरं, दर पाचवं दार वाजवायचं आणि छापील फॉर्मवर उत्तरं घ्यायची. एकट्या पोरीला लोक उंबऱ्यावरूनच वाटेला लावतात. माझ्यासारखी बाई बरोबर असली की आत बोलावतात, पाणी विचारतात. म्हणून एकशेऐंशी घरं मी तिच्याबरोबर चढले-उतरले.

टेबलावर तिसऱ्या वस्तीचा गठ्ठा होता. हा तिचाच, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी ओळखून दिलं होतं. समोर परीक्षक बाई. त्या दुसऱ्या विद्यापीठातून संशोधनाची अर्ध्या वाटेवरची तपासणी करायला आल्या होत्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. असल्या माणसांना मी जपून असते. त्यांनी गठ्ठ्यातली दहा घरं निवडून फोन केले होते. दहाही घरांनी सांगितलं, हो, एक मुलगी आणि एक म्हातारी बाई आल्या होत्या. पण फॉर्मवर उत्तर देणारा म्हणून ज्याची नोंद होती, तो माणूस बोललाच नव्हता. बोललं होतं घरातलं दुसरंच कुणी, आणि उत्तरंही उलटी होती.

म्हणजे मुलगी घरापर्यंत गेली, पण फॉर्म तिने मनाने भरला, असं बाईंचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी चार वाजता समिती बसणार होती. तोवर खुलासा आला नाही तर नोंदणी रद्द, आणि खोटी माहिती तयार केली असा शेरा. तो शेरा ज्याच्या नावावर बसला त्याला कुठलंच विद्यापीठ दारात उभं करत नाही. सुनेची सहा वर्षं त्या टेबलावर पडली होती.

मी गठ्ठा बघायला मागितला. दारोदार मीही होते, साक्षीदार आहे, म्हणून बाईंनी दिला. अक्षर ओळखायची सोय नव्हती, कारण फॉर्मवर नुसत्या खुणा आणि आकडे. मी बोट ठेवून वयाचा रकाना वाचत गेले. सत्तेचाळीस. त्रेपन्न. बासष्ट. अडतीस. एकाहत्तर. शेवटच्या कागदापर्यंत गेले, मग पुन्हा पहिल्यापासून.

"हे कागद त्या वस्तीतले नाहीत," मी म्हटलं. "साठ माणसांत एकही चाळीसचा नाही, पन्नासचा नाही, साठचा नाही. तिथल्या बायांना वय विचारून बघा. चाळीशी ओलांडली की पन्नास सांगतात, पन्नास ओलांडली की साठ. सत्तेचाळीस कोण सांगतं? ज्याच्याकडे दाखला आहे तो. किंवा ज्याला वाटतं की आकडा वेडावाकडा असला की खरा दिसतो."

बाईंनी चष्मा काढला. गठ्ठा उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "पटलं. कागद खोटे आहेत हे तुम्ही सिद्ध केलंत. ते तुमच्या सुनेने केले नाहीत, हे अजून नाही केलंत."

२

घरी आले तर सून पलंगावर पाय उशीवर ठेवून दाराकडेच बघत होती. मी काही लपवलं नाही. तिला गोड करून सांगितलेलं कळतं आणि त्याचा राग येतो. तेवढं एक माझ्यासारखं आहे.

ती रडली नाही. म्हणाली, तिचा गठ्ठा विभागातल्या लोखंडी कपाटात होता, पाय मोडला त्याच्या आदल्या दिवशी ठेवलेला. कोरे फॉर्मही तिथेच आणि साठ घरांची यादी गठ्ठ्यावर टाचलेली. म्हणजे कुणीतरी खरा गठ्ठा काढून घेतला, त्याच यादीवरून कोऱ्या फॉर्मांवर नवी उत्तरं भरली आणि जागच्या जागी ठेवली. कपाटाला चार किल्ल्या. एक हिच्याकडे. एक मार्गदर्शक सरांकडे. एक हिच्याबरोबर पीएच.डी. करणाऱ्या मैत्रिणीकडे. एक विभागाचे आकडे संगणकात भरणाऱ्या माणसाकडे, ज्याला सगळे आकडेवाला म्हणतात.

मग तिने विचारलं, फॉर्मच्या वरच्या चौकटीत काय होतं? मला आठवत होतं. निवड कशी केली, तिथे सगळीकडे "वाढदिवस" या शब्दापुढे खूण होती.

सून एकदम सरळ झाली. पाय दुखला असणार, पण तिला कळलंसुद्धा नाही.

ते असं आहे. दार उघडेल त्यालाच प्रश्न विचारले तर दिवसभर घरात बसलेलेच सगळे मोजले जातात. म्हणून घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल, त्यालाच विचारायचं. ही सरांची जुनी पद्धत, फॉर्मवर छापलेलीच. पहिल्या दोन वस्त्यांत ती चालली. तिसरीत पहिल्याच दिवशी फसली. तिथल्या म्हाताऱ्यांना वाढदिवस माहीतच नव्हता. एक बाई म्हणाली, मी जन्मले तेव्हा घरात लिहिणारं कुणी नव्हतं, आणि सगळं घर हसलं. मी हसले नाही, कारण माझं तेच. अशाने दर घरी पाळी तरण्यांवरच येणार, हे सुनेच्या लक्षात आलं. तिने त्या दिवसाचे चार फॉर्म रद्द केले आणि नव्याने सुरुवात केली. घरातल्या सगळ्या मोठ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, घरच्यांनीच एक उचलायची, ज्याचं नाव निघेल त्याच्याशी बोलायचं. वाढदिवसाची चौकट रिकामी ठेवून कोपऱ्यात तिने हाताने "चिठ्ठी" लिहिलं. साठच्या साठ कागदांवर.

म्हणजे ज्याने खोटे भरले त्याला चिठ्ठ्यांचं माहीत नव्हतं. मला हायसं वाटलं. आता तिघांत ज्याला माहीत नाही तो पकडायचा, काम संपलं.

सून माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तिघांनाही माहीत होतं. चिठ्ठ्यांची युक्ती मैत्रिणीनेच सुचवली. आकडेवाल्याला मी त्यासाठी नवा रकाना करायला लावला. आणि सरांना लेखी कळवलं, त्यावर त्यांची सही आहे."

३

मैत्रीण ग्रंथालयात सापडली. घाईने बोलणारी, नखं खाणारी मुलगी. विभागात एक जागा निघणार होती आणि दोघींपैकी एकीलाच मिळणार होती, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा तिने पुस्तक मिटलं नाही, पण पानही उलटलं नाही.

आमच्या घरी जेवलेली पोर. तरी मी आडपडदा ठेवला नाही. विचारलं, सून गेली तर जागा तुझी ना? ती म्हणाली, हो काकू, माझीच. मग म्हणाली की कालपासून तिच्याही मनात तेच येतंय आणि त्याची तिला लाज वाटतेय. खोटं बोलणारी माणसं स्वतःची लाज अशी आयती समोर ठेवत नाहीत. पण एवढ्यावर मी कुणाला सोडत नाही.

मी तिचे स्वतःचे भरलेले फॉर्म मागितले. तिने पिशवीतून काढून दिले. वयाचा रकाना बघितला. चाळीस, पन्नास, पन्नास, पंचेचाळीस, साठ, साठ. मी बोट ठेवायच्या आधीच ती म्हणाली, लोक अशीच वयं सांगतात, त्याला आमच्यात काही इलाज नाही. तिला ते माहीत होतं. तिने खोटे फॉर्म भरले असते तर पन्नास-साठ भरभरून घातले असते.

निघताना ती हळूच म्हणाली, "काकू, आकडेवाल्याला भेटा. ताईने त्याच्या चुका सगळ्यांसमोर काढल्या होत्या. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नाही."

४

आकडेवाल्याची खोली जिन्याखाली होती. खिडकी नाही, पंख्याचा आवाज मोठा, माणूस त्याहून मोठ्याने बोलणारा. सुनेचं नाव काढताच तो तापला. पस्तीस चुका काढल्या म्हणे तिने, आणि त्यातल्या दोन चुकाच नव्हत्या. त्या दोन कुठल्या ते त्याला तारखेसकट पाठ होतं. मी त्याला पुरतं ओकू दिलं. रागावलेला माणूस दुकान उघडं टाकून बसतो, आत काय आहे ते आपण बाहेरून बघावं.

मग त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. तिसऱ्या वस्तीचं पान तयार होतं, पण रिकामं. पहिल्याच रकान्यावर लिहिलं होतं, चिठ्ठी. फुकटचं वाढीव काम, तो म्हणाला. वाढदिवसाच्या चौकटीने या बाईंचं काय बिघडलं होतं? गठ्ठा त्याच्या हातात आलाच नव्हता. सरांनी निरोप दिला होता की तो ते स्वतः आणून देतील आणि दोन दिवसांत भरून हवा.

सरांची खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या दोन बाजूंनी. त्यांनी मला आजी म्हटलं. त्यांचे केस माझ्याइतकेच पांढरे असणार, फक्त रंगवलेले. भिंतीभर त्यांचं एकच पुस्तक निरनिराळ्या रंगांत उभं होतं. बाया घरच्या पुरुषाच्या सांगण्यावरून मत देतात, हे त्यात त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी मांडलं, आणि तेव्हापासून मुलं तेच पाठ करून पास होतात, असं सुनेने मला सांगितलं होतं. नवी आवृत्ती छापायला गेली होती.

ते फार हळहळले. सून त्यांची आवडती विद्यार्थिनी. दुखण्यात माणसाकडून होतं असं कधी कधी, ते म्हणाले. समितीपुढे मी तिच्यासाठी शब्द टाकीन, तिने फक्त चूक कबूल करावी. गठ्ठ्याचं विचारलं तर म्हणाले, कपाटात होता तसा आहे, मी हातही लावला नाही. आकडेवाल्याला निरोप दिला होता खरा, पण त्याआधीच परीक्षक बाई आल्या. त्यांचं बोलणं मधासारखं ओघळत होतं आणि मला कुठेच बोट घालायला फट दिसत नव्हती.

उठता उठता मी विचारलं, दर आठवड्याला सुनेचा अहवाल तुम्हाला मिळत होता ना?

"प्रत्येक ओळ वाचली आहे, आजी. पंचवीस वर्षांत विद्यार्थ्याचा कागद न वाचता मी सही केलेली नाही."

तिघांनाही माहीत होतं. तिघांचंही खरं धरलं तर गठ्ठा कुणीच बदललेला नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीला दोन तास उरले होते. सून पलंगावर, मी खाली जमिनीवर, आणि आमच्या मधे तिच्या अहवालांच्या प्रती. एक प्रत सरांकडे राहते, एक सही होऊन परत येते. मी एकेक कागद हातात घेत होते. मला वाचायला वेळ लागतो. पण वेळ लागतो म्हणून माझ्याकडून काही सुटत नाही.

सातव्या अहवालाच्या खाली सुनेने लिहिलं होतं: सर, तिसऱ्या वस्तीत वाढदिवसाऐवजी चिठ्ठी काढली तर चालेल का? त्याखाली सरांचं वळणदार अक्षर: वाचले. आणि सही.

आठव्यात: सर, मागच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तोवर चिठ्ठीनेच काम करते आहे. त्याखाली: वाचले.

नवव्यात: सर, कृपया एकदा कळवा. वाचले.

मी सुनेला विचारलं, एवढं विचारून उत्तर आलं नाही, तुला काही वाटलं नाही? ती म्हणाली, सर कुणालाच उत्तर देत नाहीत, आम्ही त्यालाच होकार समजतो. सहा वर्षं शिकून हे शिकली. माणूस वाचतो तेव्हा प्रश्नापाशी थांबतो. हो म्हणेल, नाही म्हणेल, निदान वैतागेल. मी तिन्ही कागद घडी घालून घेतले आणि निघाले.

चार वाजता त्या बंद खोलीत सर, परीक्षक बाई आणि समितीतले दोन गृहस्थ होते. मी बाईंना म्हटलं की मला खुलासा करायचा नाही. तुम्हीच तिघांना एक प्रश्न विचारा, तिघांना वेगवेगळा. तिसऱ्या वस्तीत माणूस कसा निवडला? सरांना शेजारच्या खोलीत बसवून आधी मैत्रिणीला आत बोलावलं. चिठ्ठ्या टाकून, ती म्हणाली, वाढदिवस तिथे कुणाला माहीत होता? तिला बाहेर बसवून आकडेवाल्याला बोलावलं. चिठ्ठी, तो म्हणाला, आणि वाढीव रकान्याचं गाऱ्हाणं पुन्हा एकदा सांगून गेला.

मग बाईंनी सरांना परत आत बोलावून तेच विचारलं. सर हसले. "वाढदिवसाने. ती माझीच पद्धत आहे, फॉर्मवर छापलेली आहे."

मी तिन्ही कागद बाईंच्या पुढे ठेवले, सातवा सगळ्यात वर.

बाईंनी ते सावकाश वाचले. मग सरांना त्याच हळू आवाजात विचारलं की यावर वाचले म्हणून सही तुमची आहे. वाचलं असेल, तर गठ्ठ्यातल्या साठ खुणा बघून हे तिचे कागद नाहीत हे तुम्हाला पहिल्या नजरेत कळायला हवं होतं, आणि काल याच खोलीत तुम्ही हे तिचेच कागद म्हणून ओळखून दिलेत. वाचलं नसेल, तर कपाटाच्या चार किल्ल्यांमध्ये चिठ्ठीचं माहीत नसलेले तुम्ही एकटेच उरता. सर, वाचलंत की नाही वाचलंत?

त्या माणसाने जन्मभर इतरांना प्रश्न विचारले होते. आता त्याने खुर्ची मागे सारली.

६

ते उठले, वर गेले आणि खऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आले. कोपऱ्यात सुनेच्या हातची "चिठ्ठी". सरांनी नुसते उत्तरांचे रकाने पाहिले होते, कोपऱ्यापर्यंत त्यांची नजर गेलीच नव्हती. फाडून टाकता आला असता. का नाही फाडला, असं समितीतल्या एका गृहस्थाने विचारलं. सर म्हणाले, भरलेला फॉर्म कधी नष्ट करायचा नाही हे मी पहिल्या वर्गापासून शिकवतो. हात धजावला नाही. दोन दिवसांत आकडे संगणकात गेले असते, कागद गोदामात. तिला नवल वाटलं असतं, पण स्वतःच्या आठवणीपेक्षा तिने यंत्रावर विश्वास ठेवला असता. आपण सगळेच ठेवतो.

इथवर मी त्यांना मनात धुवून वाळत घातलं होतं. पण मग ते माझ्याकडे वळले, आणि आता त्यांनी मला आजी म्हटलं नाही.

"बाई, त्या वस्तीतल्या बाया म्हणाल्या, आम्ही आमच्या मनाने मत देतो. पुरुषही म्हणाले, आम्ही बायकांना सांगत नाही. का म्हणाले? कारण समोर तुम्ही बसला होतात. तुमच्यासारख्या बाईच्या तोंडावर मी नवऱ्याच्या सांगण्यावरून वागते असं कोण म्हणेल? मी केलं ते चूक आहे. पण ती उत्तरं खरी आहेत हेही मी मानत नाही."

मला एकेक घर आठवत होतं. एका बाईने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं होतं. दुसऱ्या घरी बाई अडखळली तेव्हा मी नुसती मान हलवली होती, धीर द्यायला.

बाईंनी खऱ्या फॉर्मची शेवटची ओळ दाखवली. मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं, अशी तिथे चौकट असते; खोट्या गठ्ठ्यात ती कोरीच होती. साठही ठिकाणी सुनेने लिहिलं होतं: सासूबाई. तिने काही लपवलं नव्हतं, आणि तेवढ्यावर तिची नोंदणी राहिली. सरांची चौकशी बसली, मार्गदर्शक बदलले. पण बाई म्हणाल्या, आक्षेप खोटं करणाऱ्याने घेतला म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही. प्लास्टर निघाल्यावर ज्या दहा घरांना मी फोन केले तिथेच पुन्हा जा. एकटी.

एकटी, हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून उच्चारला.

महिन्याभराने आम्ही तिसऱ्या वस्तीत गेलो. मी जिन्याच्या पायथ्याशी कठड्यावर बसून राहिले. वर दारं वाजत होती, उघडत होती, मिटत होती. दहा घरांना साडेतीन तास लागले. त्या साडेतीन तासांत मला कळून चुकलं की मला सून जिंकायला हवी आहे, आणि मी हरायला नको आहे, आणि या दोन गोष्टी एक नाहीत.

ती कठड्याला धरून उतरली. माझ्याशेजारी बसली, पाय चोळला, फॉर्म मांडीवर उपडे ठेवले.

"आठ घरांनी तेच सांगितलं," ती म्हणाली. "दोघींनी उलट सांगितलं."

त्या दोघी कोण, मी विचारलं.

"ते सांगता येत नाही, आई. कुणाचं उत्तर कुणाला सांगायचं नसतं."

पहिल्या खेपेला मी तर समोर बसून ऐकलं होतं, मी म्हटलं. ती म्हणाली, तेच चुकलं होतं, आणि ते मला प्रबंधात लिहावं लागणार. एक परिच्छेद असेल, सोबतच्या व्यक्तीमुळे उत्तरांवर झालेला परिणाम. सर पुरते खोटे नव्हते आणि आपण पुरते खरे नव्हतो, एवढंच त्यात येईल. हे तिने माझ्या तोंडावर, न घाबरता सांगितलं. सून म्हणून आली तेव्हा ती मला मीठ कमी आहे असंही सांगायची नाही.

मी म्हटलं, चूक म्हणून घालायचंच असेल तर माझं नाव पुरतं घाल. नुसतं सासूबाई म्हणजे कुणीही असू शकते.

"नावं लिहीत नाहीत, आई."

"सरांचं?"

"त्यांचंही नाही. त्यांच्याबद्दल वेगळं टिपण जाईल."

"मग एवढं कर," मी उठत म्हटलं आणि तिला हात दिला. "आम्हा दोघांना एका पानावर घालू नकोस."